निवडणूक म्हणजेच लोकशाही का? अ‍ॅरिस्टॉटलचं एक वाक्य आणि तालुक्यातली सोडत

ओसरी (धागाकर्ता)

आमच्या तालुक्यात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत होती, तेव्हा मी मुद्दाम जाऊन बसलो होतो. सभागृह खच्चून भरलेलं. टेबलावर एक पारदर्शक बरणी. अधिकाऱ्यांनी एकेक चिठ्ठी उघडून गावाचं नाव मोठ्याने वाचलं, सगळ्या चिठ्ठ्यांच्या घड्या सारख्या आहेत हे पुढच्या रांगेला दाखवलं, मग बरणीत टाकून बरणी हलवली. चिठ्ठी काढायला जिल्हा परिषदेच्या शाळेतली एक मुलगी आणली होती. तिसरी-चौथीतली असेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिचा हात बरणीत गेला की सगळे श्वास धरून बसायचे. निकाल लागले, कित्येकांची वर्षभराची तयारी पाण्यात गेली, तरी हरकत कुणी घेतली नाही. निमूट उठले आणि मोटारसायकली काढून गेले.

परत येताना एसटीत मला ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलचं एक वाक्य आठवत राहिलं. 'पॉलिटिक्स' या पुस्तकाच्या चौथ्या भागात तो म्हणतो की अधिकारपदं चिठ्ठीने भरणं हे लोकशाहीचं लक्षण मानलं जातं आणि निवडणुकीने भरणं हे मूठभरांच्या सत्तेचं. आपण शाळेपासून नेमकं उलटं शिकलोय. निवडणूक होते म्हणून लोकशाही आहे, असं.

त्याचं म्हणणं समजायला अवघड नाही. निवडून यायला नाव लागतं, पैसा लागतो, बोलण्याची हातोटी लागते, घराण्याची पुण्याई लागते. म्हणजे निवडणूक ही मुळातच 'इतरांपेक्षा वरचढ कोण' हे ठरवायची पद्धत. चिठ्ठीला यातलं काही कळत नाही. तिच्यापुढे चांभार आणि जमीनदार सारखेच.

प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सकरांनी हे नुसतं बोलून दाखवलं नाही, तसा कारभार उभा केला. क्लिस्थेनिस या पुढाऱ्याने इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये सगळ्या नागरिकांचे दहा गट पाडले. प्रत्येक गटातून दर वर्षी ५० जण चिठ्ठीने निवडायचे, असे ५०० जणांचं मंडळ. लोकसभेपुढे (म्हणजे सगळ्या नागरिकांच्या सभेपुढे, आपली दिल्लीतली नव्हे) काय विषय जायचा ते हे मंडळ ठरवी. वय तिशीच्या पुढचं हवं, आणि एका माणसाला आयुष्यात दोनदाच तिथे बसता येई. वर्षाच्या एकेका दशांशात एकेका गटाचे ५० जण रोजचा कारभार बघत, आणि त्यांचा अध्यक्ष रोज चिठ्ठीने बदले. एक दिवस आणि एक रात्र. तेवढ्या वेळात खजिन्याच्या देवळांच्या किल्ल्या आणि नगराची मोहोर त्याच्याकडे. पुन्हा आयुष्यात हे पद नाही. कल्पना करा, शेजारचा कुंभार आज चोवीस तास राष्ट्रप्रमुख आहे आणि उद्या पुन्हा चाकावर बसणार आहे.

न्यायालयांसाठी वर्षाला ६,००० जणांची यादी. कोणत्या दिवशी कोणता खटला कोण ऐकणार हे त्याच दिवशी सकाळी चिठ्ठीने ठरे, म्हणजे आदल्या रात्री कुणाच्या घरी जाऊन पैसे चारायची सोयच नाही. त्यासाठी एक दगडी यंत्र होतं, क्लेरोटेरिऑन. उभ्या शिळेवर खाचांच्या ओळी, त्या खाचांमध्ये प्रत्येकाने आपली नावाची पट्टी खोचायची. बाजूला एक नळी, तिच्यातून काळे-पांढरे गोळे एकेक करून खाली येत. पांढरा आला तर ती आख्खी ओळ आत, काळा आला तर ओळ घरी. त्या शिळेचा एक तुकडा अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आजही ठेवलेला आहे. ब्राँझच्या पट्ट्याही सापडल्या आहेत, त्यावर नाव, बापाचं नाव, गाव. आणि त्यातल्या कितीतरी थडग्यांमध्ये सापडल्या. मेल्यावर माणसाबरोबर त्याची ती पट्टी पुरली होती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो थोडा वेळ. आपल्यापैकी कुणाला आपलं मतदार ओळखपत्र चितेवर न्यावंसं वाटेल?

हे सगळं आंधळेपणाने चालत नव्हतं. दहा सेनापती मात्र निवडून दिले जात, कारण लढाई हे कसबाचं काम. पेरिक्लीज सलग पंधरा वर्षं असाच निवडून आला. चिठ्ठीने आलेल्याची पद घेण्याआधी चौकशी होई: आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरलेस का, लष्करी चाकरी केलीस का. पद सोडताना पैपैचा हिशेब. आणि पेरिक्लीजच्या काळापासून न्यायालयात बसणाऱ्याला दिवसाचे पैसे मिळू लागले, म्हणजे गरिबाचा रोज बुडू नये.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती लोकशाहीचा टीकाकार असलेल्या प्लेटोनेच प्रोटागोरस या विचारवंताच्या तोंडी घातली आहे. माणसं एकमेकांना मारू लागली तेव्हा देवांचा राजा झ्यूसने आपला दूत हर्मिस याच्याकरवी लाज आणि न्यायबुद्धी पाठवली. हर्मिसने विचारलं, वैद्यकी किंवा सुतारकी दिली तशी मोजक्यांना देऊ की सगळ्यांना? झ्यूस म्हणाला, सगळ्यांना. मोजक्यांपाशीच राहिली तर नगरं उभीच राहणार नाहीत.

मला हा आजचा प्रश्न वाटतो. सामान्य माणसाला न्यायबुद्धी आहे असं आपण मानतो का? मानत असू, तर पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून त्याला घरी का पाठवतो? नागरिक घडतो तो कारभार केल्याने, असं माझं ठाम मत झालं आहे. तुमचं काय?

---

पाटीपेन्सिल

सुंदर धागा. एवढंच जोडते: अ‍ॅरिस्टॉटल तिसऱ्या भागात म्हणतो की अनेकांनी आपापल्या घरून आणलेल्या पदार्थांचं जेवण एकाने खर्च करून घातलेल्या जेवणापेक्षा सरस होऊ शकतं. आपल्याकडे हे चार शब्दांत आहे, गाव करी ते राव न करी. आणि त्याचाच दुसरा दाखला मला वर्गात सांगायला फार आवडतो: जेवण कसं झालंय हे आचाऱ्यापेक्षा पंगतीत बसलेला जास्त चांगलं सांगतो, घर कसं बांधलंय हे गवंड्यापेक्षा त्यात राहणारा. धोरण कसं आहे हे कुणाला विचारायचं याचं उत्तर त्यात आलं.

---

कडूलिंब

धागा मनापासून लिहिलाय, म्हणून विरोधही मनापासून लिहितो.

न्यायालयात चिठ्ठीने बसवलेल्या ५०० सामान्य लोकांनी इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विष पाजलं. प्लेटोने लिहिलंय की ३० मतं इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता. सत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर बाजारात उभा राहून लोकांना प्रश्न विचारत आला एवढाच गुन्हा.

त्याआधी इ.स.पू. ४०६ मध्ये, स्पार्टाशी चाललेल्या युद्धातली आर्जिनूसाईची लढाई. अथेन्सच्या आरमाराने जिंकली. पण वादळामुळे बुडत्या गलबतांवरच्या माणसांना वाचवता आलं नाही. घरोघरी सुतक. संतापलेल्या लोकसभेने आठ सेनापतींचा एकत्रित, एकाच मतदानात निकाल लावायचा ठरवला. प्रत्येकाचा खटला वेगळा चालवायचा हा त्यांचाच कायदा. कुणीतरी तो दाखवून दिला, तर गर्दी ओरडली की लोकांना हवं ते करू न देणं म्हणजे अनर्थ. त्या वर्षी ५०० च्या मंडळात चिठ्ठीने सॉक्रेटिस बसलेला होता. त्या दिवशी तो एकटा अडून राहिला, कायद्याबाहेर जाणार नाही म्हणून. काय उपयोग? हाती लागलेल्या सहाही सेनापतींना मारलं. नंतर पश्चात्ताप झाला, पण सेनापती परत आले नाहीत आणि पुढच्या दोन वर्षांत अथेन्स युद्ध हरलं.

प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये जहाजाचा दाखला दिलाय. मालक अंगाने धिप्पाड, पण कानाने आणि डोळ्यांनी अधू, जहाजाचं ज्ञानही तेवढंच. खलाशी सुकाणूसाठी भांडतात, मालकाला दारू पाजून गुंगवतात, आणि जो खरोखर वारे, ऋतू, तारे जाणतो त्याला म्हणतात हा आभाळाकडे बघणारा बडबड्या. दोन हजार चारशे वर्षांपूर्वी लिहिलंय हे. आज माझ्या मोबाइलवरच्या कुठल्याही गटात उघडून बघावं, तेच जहाज.

मला लोकांविषयी तुच्छता नाही. मी लोकांतलाच आहे. पण मला माझ्या मेंदूची शस्त्रक्रिया चिठ्ठीने निवडलेल्या माणसाकडून करून घ्यायची नाही, आणि अर्थसंकल्पही नाही.

---

ओसरी

कडूलिंब, आर्जिनूसाईचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मलाही गप्प व्हायला झालं. ते खरंच आहे, आणि ते झाकून अथेन्सचं कौतुक करणं खोटेपणाचं होईल.

पण त्याच लोकसभेचा आणखी एक दिवस सांगतो. इ.स.पू. ४२७. मिटिलीनी नावाच्या नगराने अथेन्सविरुद्ध बंड केलं, ते मोडलं. क्लेऑन नावाच्या पुढाऱ्याच्या सांगण्यावरून लोकसभेने ठराव केला: तिथले सगळे पुरुष मारा, बायकापोरांना गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालं. रात्र गेली. सकाळी लोकांना आपण काय केलं याची जाणीव झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा. क्लेऑन म्हणाला, रोज मत बदलणारी लोकशाही साम्राज्य चालवू शकत नाही. मग डायोडोटस नावाचा माणूस उठला. त्याच्याविषयी इतिहासाला बाकी काहीच माहीत नाही. तो म्हणाला, घाई आणि राग हे चांगल्या निर्णयाचे दोन मोठे शत्रू आहेत. हात वर झाले, निसटत्या फरकाने ठराव फिरला.

पुढचं इतिहासकार थुसिडिडिसने लिहिलंय ते डोळ्यांसमोर उभं राहतं. दुसरं जहाज सोडलं. पहिलं एक दिवस-रात्र पुढे. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारता मारता दारू आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ खाल्लं, आळीपाळीने झोपले, थांबले नाहीत. पहिल्या जहाजावरचे लोक असल्या कामावर निघालेले, ते रेंगाळत चालले होते. सेनापतीने मिटिलीनीत हुकूम वाचला, अंमलबजावणी सुरू करणार, तेवढ्यात दुसरं जहाज बंदराला लागलं. बंडाचे पुढारी ठरवले गेले त्यांना मारलंच, ते माफ करण्यासारखं नाही. पण नगर वाचलं.

ज्या पद्धतीत चूक झाली तिच्यातच चूक परत उघडायची सोय होती. राजाच्या दरबारात दुसरं जहाज निघत नाही.

आणि शस्त्रक्रियेचा मुद्दा: प्रोटागोरस नेमकं हेच उत्तर देतो. जहाजबांधणीचा विषय निघाला तर लोकसभा जहाज बांधणाऱ्यालाच बोलावते, दुसरा कुणी बोलायला उठला तर त्याला खाली बसवते. पण नगराने काय करावं हा विषय निघाला की सुतार, लोहार, चांभार, व्यापारी, कुणीही उठतो. शस्त्रक्रिया कशी करायची ते डॉक्टर सांगेल. तालुक्याच्या पैशातून आधी दवाखाना बांधायचा की रस्ता, हे डॉक्टर सांगणार नाही.

---

सावली

मला वाचताना आनंदही होतोय आणि आतून काहीतरी टोचतंय, ते लिहून टाकते.

या सगळ्या गोष्टीत मी कुठे आहे? ती ब्राँझची पट्टी एकाही बाईच्या नावाची नव्हती. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत गुलाम रांगत बिळांमधून धातू काढायचे, त्या चांदीवर आरमार उभं राहिलं. पिढ्यान् पिढ्या अथेन्समध्ये राहणारे परके लोक कर भरायचे, लढायचे, पण मत नाही. इ.स.पू. ४५१ मध्ये तर पेरिक्लीजनेच कायदा केला की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व.

आणि ज्याच्या वाक्यावर हा धागा उभा आहे तो अ‍ॅरिस्टॉटल स्वतः अथेन्समध्ये परका होता! स्टॅगिराचा. त्याने सगळ्या जगाला नागरिक म्हणजे काय ते सांगितलं, जो आळीपाळीने राज्य करतो आणि राज्य करून घेतो तो, आणि लोकसभा भरायची त्या प्निक्सच्या टेकडीवर हात वर करायचा हक्क त्याला स्वतःला नव्हता. तरीही त्याच पुस्तकाच्या पहिल्या भागात काही माणसं जन्माने गुलामच असतात असं तो लिहून गेला. ज्याला दाराबाहेर उभं केलं होतं त्याने दुसऱ्यासाठी आणखी एक दार लावलं. हे मला अजूनही समजून घेता येत नाही, आणि माफ तर करताच येत नाही.

आपल्या मातीत जन्मावरून माणसाची जागा ठरवणं काय असतं हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. म्हणून 'चिठ्ठीपुढे सगळे सारखे' हे वाक्य वाचताना माझा पहिला प्रश्न हाच असतो की बरणीत कुणाची नावं टाकली होती.

---

रानवाट

सावलीताई, बरणीत नावं कुणाची, हे मनात कोरून ठेवलं.

---

शाईपेन

वकिली करतो, म्हणून एक दुवा सांगतो. अथेन्स आणि आपलं संविधान यांच्यामध्ये तो खरोखरच आहे, ओढूनताणून नाही.

४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत मसुदा मांडला. त्या भाषणात त्यांनी जॉर्ज ग्रोट या इतिहासकाराचा उतारा वाचून दाखवला. ग्रोट म्हणजे ग्रीसचा मोठा इतिहास लिहिणारा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज. आणि तो उतारा आहे क्लिस्थेनिसच्या अथेन्सविषयी. ग्रोटचा प्रश्न असा की एवढी नवी, नाजूक राज्यव्यवस्था टिकली कशी? त्याचं उत्तर 'संवैधानिक नैतिकता'. म्हणजे संविधानाच्या रीतींविषयी सर्वोच्च आदर, त्या रीतींनुसार वागणाऱ्या अधिकाऱ्याचं ऐकणं, आणि त्याच वेळी त्याच अधिकाऱ्यावर मोकळेपणाने टीका करण्याची सवय. विरोधकालाही संविधान माझ्याइतकंच पवित्र आहे हा भरवसा. आणि ही नैतिकता नुसती बहुसंख्यांत असून भागत नाही, सगळ्या समाजात पसरावी लागते, कारण एखादा ताकदवान हट्टी अल्पसंख्य गटही स्वतः सत्ता न मिळवता सगळं काम बंद पाडू शकतो.

यावर बाबासाहेबांनी जे जोडलं ते माझ्या टेबलावरच्या काचेखाली लिहून ठेवलंय. संवैधानिक नैतिकता ही नैसर्गिक भावना नाही, ती जोपासावी लागते. आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. भारतातली लोकशाही हा मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या मातीवरचा वरवरचा थर आहे. कारभाराचा एवढा बारीकसारीक तपशील संविधानात का घातला, याचं समर्थन करताना ते हे बोलत होते.

आता कडूलिंब यांच्या आर्जिनूसाईकडे या. तिथे कायदा होता, रीत होती. त्या दिवशी लोकसभेकडे नव्हती ती ही नैतिकता. एकट्या सॉक्रेटिसकडे होती. त्यानंतरचा भाग सहसा कुणी सांगत नाही: अथेन्स त्यातून शिकलं. इ.स.पू. ४०४ मध्ये युद्ध हरल्यावर तीस जुलमी लोकांची राजवट आली, तिने शेकडो माणसं मारली. पुढच्याच वर्षी लोकशाही परत आल्यावर सूड उगवायचा नाही अशी शपथ घेऊन सर्वसाधारण माफी दिली गेली. लोकसभेचे रोजचे ठराव आणि कायमचे कायदे वेगळे केले. नवा कायदा करायचं काम लोकसभेच्या क्षणिक लाटेवर न सोडता शपथ घेतलेल्या वेगळ्या मंडळाकडे दिलं. बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर नंतर खटला भरायची सोय तर आधीपासूनच होती, ठराव मंजूर झालेला असला तरी. बहुमताने पास झालेला ठरावही कायद्याच्या चौकटीत तपासता येतो, ही कल्पना मी रोज न्यायालयात वापरतो.

सॉक्रेटिसचा खटला या सुधारणांनंतरचा आहे, हे मात्र मान्य करावं लागतं. माफीमुळे राजकीय आरोप ठेवता येत नव्हते, म्हणून नास्तिकपणाचा ठेवला असं बरेच अभ्यासक मानतात. पळवाट शोधणारा समाज पळवाट शोधतोच.

---

सावली

शाईपेन, हा दुवा मला माहीत नव्हता. आभार. त्याच भाषणात बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा म्हटलंय, तेही कुणीतरी इथे लिहायला हवं होतं. म्हणून मीच लिहिते. ग्रीकांची लोकसभा वाचून आपल्याला लगेच गावपंचायत आठवते, पण त्या पंचायतीने कुणाला पाणी भरू दिलं नाही हे ज्यांना आठवतं ते इतक्या लवकर हळवे होत नाहीत.

---

दूरदेशी

मी बारा वर्षं डब्लिनमध्ये आहे, म्हणून आजचं उदाहरण देतो.

इथे आयर्लंडमध्ये २०१२ ते २०१४ मध्ये संविधानावर विचार करायला एक परिषद बसवली होती. एक अध्यक्ष, ३३ राजकारणी आणि ६६ सामान्य नागरिक. हे ६६ जण मतदारांमधून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी काढावी तसे उचललेले, वय, प्रदेश, स्त्री-पुरुष यांचं प्रमाण सांभाळून. समलिंगी विवाहाची शिफारस तिथून आली, मे २०१५ मध्ये सार्वमत झालं आणि ६२ टक्के लोकांनी होकार दिला. मग २०१६ पासून नागरिक सभा: सर्वोच्च न्यायालयाच्या एक न्यायाधीश अध्यक्ष आणि ९९ नागरिक, यात राजकारणी एकही नाही. गर्भपाताचा विषय या देशात इतका जखमी होता की तीस-पस्तीस वर्षं कुठल्याही पक्षाला तो हातात धरवत नव्हता. हे ९९ जण कित्येक शनिवार-रविवार एका हॉटेलात गोल टेबलांभोवती बसले. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंच्या संघटना, आणि स्वतः त्यातून गेलेल्या बायका यांचं ऐकलं. टेबलावर प्रत्येकाला बोलायला मिळेल हे बघायला एक जण नेमलेला. मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी बंदी उठवली.

माझ्या ऑफिसातल्या एक बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, 'माझ्यासारखीच माणसं तिथे बसली होती. त्यांनी सगळं ऐकून मत बदललं, तर मलाही ऐकायला हवं.' मला वाटतं चिठ्ठीची खरी ताकद ही आहे.

दुसरी बाजूही सांगतो. मार्च २०२४ मध्ये कुटुंबाची व्याख्या आणि घरातली देखभाल यांवर दोन सार्वमतं झाली. विषय अशाच एका नागरिक सभेतून आलेले. पण सभेने सुचवलेले शब्द सरकारने बदलले. लोकांनी दोन्ही फेटाळली, एक जवळजवळ ६८ टक्क्यांनी, दुसरं जवळजवळ ७४ टक्क्यांनी. नागरिकांना बोलावून मग त्यांचं पुरतं ऐकायचं नाही, असं केलं की हेच होणार.

---

झुळूक

थोडं अवांतर. चिठ्ठी ही ग्रीकांचीच मिरास नाही. तमिळनाडूत उत्तरमेरूरला पहिल्या परांतक चोळाच्या काळातला, साधारण इ.स. ९२० चा शिलालेख आहे. ३० वॉर्ड, प्रत्येकातून पात्र माणसांची नावं ताडपत्रावर लिहून मडक्यात टाकायची आणि एका लहान मुलाने काढायची. वय ३५ ते ७०, स्वतःच्या जमिनीवर घर, हिशेब न दिलेला माणूस बाद. मुलगा, मडकं, चिठ्ठी! धागाकर्त्याच्या लाल रिबिनीवाल्या मुलीचा हा हजार वर्षांपूर्वीचा भाऊ. (आणि सावलीताईंचा प्रश्न इथेही लागू आहे. ते ब्राह्मणांना दान दिलेलं गाव होतं, जमीन आणि वेदाध्ययन असलेल्यांचीच नावं मडक्यात जात.)

---

कडूलिंब

आयर्लंडचं वाचलं आणि दोन दिवस विचार केला. माझी भीती तशीच आहे, पण तिची जागा बदलली. मला सामान्य माणसाची भीती वाटत नाही, गर्दीची वाटते. हजारो जण टेकडीवर ओरडत होते ती गर्दी. ९९ जण महिनोन् महिने कागद वाचत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले ती गर्दी नाही. माणसं तीच.

म्हणजे प्लेटोने दाखवलेला रोग खरा, औषध मात्र मला आता तत्त्वज्ञ राजाचं वाटत नाही. तसा राजा आणायचा कुठून, आणि तो बिघडला तर काढायचा कसा, हे प्लेटोला मलाही समजावून सांगता आलेलं नाही.

ओसरी, एक मात्र सांगा. तुमच्या तहसीलमधल्या चिठ्ठीने माणूस निवडला नाही, गावाला कोणतं आरक्षण ते ठरवलं. दोन्हींत फरक आहे.

---

ओसरी

फरक आहेच, आणि तो मी लिहायला हवा होता. आपली सोडत फक्त हे ठरवते की या वेळी या गावात कुणाची पाळी. पण 'पाळी' हाच शब्द मला अ‍ॅरिस्टॉटलच्या जवळचा वाटतो. आळीपाळीने राज्य करणं. त्या चिठ्ठीमुळे आमच्या शेजारच्या गावात जी बाई सरपंच झाली, ती आरक्षण नसतं तर आयुष्यात त्या खुर्चीच्या जवळ गेली नसती. पहिले सहा महिने नवराच बोलायचा. आता ती त्याला बाहेर बसवते. मी स्वतः पाहिलंय, पाणीपुरवठ्याच्या अंदाजपत्रकात पाइपचा व्यास चुकला होता तो तिने पकडला.

---

रानवाट

मी गडचिरोली जिल्ह्यात कामाला आहे, इतके दिवस फक्त वाचत होतो.

ग्रामसभेविषयी थोडं. कायद्याने वर्षाला किमान चार. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. बहुतेक गावांत ती होत नाही. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग दहा-बारा जण बसून ठराव करतात आणि वही घरोघर सह्यांना फिरते. अथेन्सकरांनाही हा त्रास होता, म्हणूनच पुढे त्यांनी लोकसभेला येण्याचे पैसे सुरू केले. माणूस मजुरी बुडवून येतो हे त्यांना कळत होतं. आमच्याकडे सभा सकाळी अकराला, रोवणीच्या दिवसांत. कोण येणार?

पण याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे त्यांचं वाक्य आता सगळ्यांना माहीत आहे. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाने नाही म्हटलं तरी थांबतात, पुन्हा बसतात. आणि सभेआधी अभ्यासगट असतो, त्यात विषय समजून घेतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, पण निर्णय घेते ती ग्रामसभाच. दूरदेशी यांनी लिहिलेलं डब्लिनचं गोल टेबल वाचताना मला आमच्या गोटुलातली (गावाच्या सभाघरातली) जमीन दिसत होती. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, तो असा बसून बसूनच मिळाला. एका रात्रीत नाही.

सावलीताईंचं खेड्याविषयीचं म्हणणं खरं आहे. मी अशीही गावं पाहिलीत जिथे सभेत एकच भावकी बोलते आणि बाकीचे भिंतीला टेकून बसतात. क्लिस्थेनिसने किनारा, शहर आणि आतला मुलूख इथली माणसं मिसळून एकेक गट केला आणि भावकीची मिठी सोडवली, हे आमच्या तलाठ्यापासून सगळ्यांनी वाचायला हवं. नावापुढे बापाऐवजी गाव लावायला लावलं म्हणतात.

मला एकच व्यवहाराची गोष्ट विचारायची आहे. एवढ्या गर्दीत तिकडे वेळ कसा पाळायचे? आमच्याकडे दोघं बोलले की दुपार होते. बायका मागून उठून स्वयंपाकाला जातात. त्यांचा विषय शेवटी असतो.

---

ओसरी

लोकसभेचं नाही, पण न्यायालयांत पाण्याचं घड्याळ असे. मातीचं भांडं, बुडाशी बारीक ब्राँझची नळी. वादी बोलायला उठला की बूच काढायचं, पाणी खालच्या भांड्यात पडू लागायचं. साक्ष किंवा कायदा वाचायचा असेल तेव्हा नळी बोटाने दाबून धरायची, तो वेळ बोलणाऱ्याच्या खात्यात धरायचा नाही. अगोरात सापडलेलं एक भांडं साधारण सहा मिनिटांत रिकामं होतं. दोन्ही बाजूंना पाणी सारखंच.

---

सावली

रानवाट, महिला ग्रामसभा मुख्य सभेच्या आधी घ्यायचा नियम आहे. तिचे ठराव मुख्य सभेत पहिल्यांदा वाचायला लावा.

---

रानवाट

हे दोन्ही लिहून घेतलं.

२ ऑक्टोबरच्या सभेसाठी ग्रामसेवकांशी आजच बोललो. विषयपत्रिकेत महिला सभेचे ठराव पहिले. आणि एका वेळी एकाला सहा मिनिटं. मोबाइल लावू म्हणाले, मी म्हटलं नको, मोबाइल कुणाचा तरी असतो. अंगणवाडीत एक जुनं स्टीलचं पिंप आहे, त्याला तोटी आहे. उद्या पाणी भरून मोजून बघतो किती वेळ लागतो ते. तोटी किती उघडायची तिथे खूण करून ठेवेन.

---

पाटीपेन्सिल

मोजल्यावर इथे लिहा. आमच्या शाळेच्या बालसभेतही करून बघायचंय.

---

रानवाट

पूर्ण उघडली तर साडेतीन मिनिटं. अर्धी उघडली तर सातच्या आसपास. सातच ठेवतो, म्हातारी माणसं हळू बोलतात.